दोनशे पुस्तके डाउनलोड केली, वाचून एकही झाले नाही

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. इंग्रजी परिपत्रके आणि वर्तमानपत्र मी सहज वाचते, पण इंग्रजीतील अभिजात कादंबऱ्या मुळातून वाचायची इच्छा राहूनच गेली होती. त्या इंटरनेटवर विनामूल्य मिळतात असे कळल्यावर मोबाइलमध्ये दोनशेच्या आसपास पुस्तके डाउनलोड करून ठेवली. त्यांतील एमिली ब्राँटेची ‘वदरिंग हाइट्स’ सुरू केली आणि दुसऱ्या प्रकरणातच अडकले. त्यातला एक म्हातारा नोकर जे बोलतो, ते शब्द शब्दकोशात सापडतच नाहीत. इतर मजकुरालाही ओळीओळीला शब्दकोश उघडावा लागतो आणि अर्ध्या तासात दोन पानेही होत नाहीत. यजमान म्हणतात, एवढी उरस्फोड करण्यापेक्षा सिनेमा पाहा, नाहीतर मराठी अनुवाद वाच. माझे इंग्रजीच कच्चे आहे का? सुरुवात कुठून करावी? शिवाय ही पुस्तके अशी फुकट वाचणे कायद्याला धरून आहे का, ही रुखरुखही मनात आहे.
– एक शिक्षिका

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ज्या नोकराने तुमची वाट अडवली त्याचे नाव जोसेफ. बर्फ पडत असताना पाहुणा फाटकावर धडका मारत उभा आहे आणि हा गृहस्थ कोठाराच्या गोल खिडकीतून डोके बाहेर काढून त्याच्यावर खेकसतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. त्याची भाषा यॉर्कशरच्या खेड्यातली आहे आणि लेखिकेने ती कानाला जशी ऐकू येते तशीच कागदावर उतरवली आहे. कादंबरी १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी एमिली वारली आणि १८५० मध्ये तिची बहीण शार्लट हिने नवी आवृत्ती तयार केली. त्या वेळी शार्लटने जोसेफचे बोलणे बऱ्याच ठिकाणी सोपे करून लिहिले, कारण दक्षिण इंग्लंडच्या वाचकांना ते समजणार नाही अशी तिची खात्री होती. लंडनच्या वाचकांसाठी जी सोय करावी लागली तिची गरज तुम्हाला वाटली, एवढ्यावरून तुमचे इंग्रजी कच्चे ठरत नाही. जोसेफची वाक्ये खुशाल ओलांडून पुढे जावे. तो कुरकुर करतो आहे, शिव्याशाप देतो आहे किंवा बायबलचा धाक घालतो आहे, एवढे कळले तरी कथेचे काही अडत नाही. तुम्ही थांबलात त्याच्या पुढच्याच प्रकरणात तो पाहुणा रात्री खिडकीची काच फोडून हात बाहेर काढतो आणि त्याच्या हाती एक थंडगार इवलासा हात येतो. तिथपर्यंत पोहोचलेल्या वाचकाने पुस्तक मिटवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तरीही ‘वदरिंग हाइट्स’ने सुरुवात करू नये, असेच माझे मत आहे. तिची अडचण भाषेपेक्षा रचनेत अधिक आहे. एक निवेदक दुसऱ्या निवेदिकेचे ऐकतो, कथा मागेपुढे होते आणि आई व मुलगी दोघींचेही नाव कॅथरिनच असते. तिसरे किंवा चौथे पुस्तक म्हणून ती वाचावी. त्या वेळी पात्रांची वंशावळ इंटरनेटवर शोधू नये, कारण कोणाचे लग्न कोणाशी होते हे त्या एका आकृतीत उघडे पडते.

मोबाइलमधल्या त्या दोनशे पुस्तकांपैकी एक ठेवून बाकीची सरळ काढून टाकावीत. ती कुठे पळून जात नाहीत. उलट यादी समोर असली की पहिल्या कंटाळ्यालाच माणूस दुसरे पुस्तक उघडतो, त्यातली तीन पाने वाचतो आणि तिसऱ्याकडे वळतो. ठेवायचे ते एक पुस्तक म्हणजे आर्थर कॉनन डॉइलचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’ हा १८९२ चा कथासंग्रह. त्यात बारा कथा आहेत आणि प्रत्येक कथा एका-दोन बैठकींत संपते. पहिलीपासूनच सुरुवात केली पाहिजे असे नाही. ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड’ ही आठवी कथा आधी घ्यावी. एक तरुणी भल्या पहाटे होम्सकडे येते, ती थरथरते आहे आणि ते थंडीने नसून भीतीने आहे. लग्न ठरलेल्या तिच्या बहिणीचा दोन वर्षांपूर्वी एका रात्री गूढ मृत्यू झाला आणि आता तिलाही रात्री तीच शीळ ऐकू आली आहे. कुठेही न जोडलेला घंटेचा दोर, जमिनीला ठोकून बसवलेला पलंग, अशा वस्तू एकेक करून वाचकासमोर ठेवल्या जातात. गणिताच्या शिक्षिकेला ही मांडणी आवडेल, कारण उत्तर येण्यापूर्वी सगळे दिलेले पुढ्यात असते. या कथेतील सावत्र बाप पूर्वी कोलकात्यात डॉक्टरी करत होता आणि रागाच्या भरात त्याने आपल्या स्थानिक खानसाम्याला मरेपर्यंत मारले होते. कथा ही गोष्ट एका वाक्यात सांगून पुढे निघून जाते. भारतीय वाचकाने त्या वाक्यापाशी थोडे थांबायला हरकत नाही. पुस्तक अभिजात असले म्हणून त्यातली प्रत्येक नजर आपली मानलीच पाहिजे, असा काही दंडक नाही.

अशा चार-पाच कथा झाल्या की कादंबरीकडे वळावे. इथे बहुतेक जण जेन ऑस्टिनचे नाव सुचवतील, आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मराठी घरात वाढलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही हेही खरे आहे. घरात लग्नाच्या पाच मुली, मुलगा नाही, बापाच्या पश्चात घरदार दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार, आणि आईला दुसरा विषयच सुचत नाही. हे समजायला टीप लागत नाही. तरीही ऑस्टिन पहिली नको. तिची वाक्ये सोपी दिसतात, परंतु निम्मी मजा ती जे बोलत नाही त्यात असते आणि ते टिपायला जुन्या इंग्रजीचा थोडा सराव व्हावा लागतो. पहिली कादंबरी म्हणून मी चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ निवडेन.

ही कादंबरी डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ३६ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. एकूण ५९ प्रकरणे आहेत, म्हणजे एका हप्त्याला साधारण एक किंवा दोन. दिवसाचे काम उरकून अर्धा-पाऊण तास हाताशी असलेल्या माणसांसाठी ती त्या मापाने कापलेली आहे. पुढच्या आठवड्याचा अंक विकला जावा म्हणून बहुतेक हप्त्यांचा शेवट वाचकाला टांगून ठेवणारा आहे. तेव्हा तुम्हीही ती हप्त्यानेच वाचावी. एक दिवसाआड एक हप्ता घेतला तर अडीच महिन्यांत कादंबरी होते. रविवारी सहा प्रकरणे उरकून पुढे पंधरा दिवस पुस्तकाचे तोंड न पाहणे, ही मात्र पुस्तक अर्धवट राहण्याची हमखास रीत आहे.

पहिल्या हप्त्यात पहिली दोन प्रकरणे होती. पहिले प्रकरण कसे वाचावे ते सविस्तर सांगते. दलदलीच्या प्रदेशातील एका दफनभूमीत पिप नावाचा पोरका मुलगा उभा आहे. त्याने आईवडिलांना कधी पाहिलेले नाही, म्हणून थडग्यावरच्या अक्षरांच्या वळणावरून तो त्यांचे रूप कल्पितो. वडील चौकोनी, धिप्पाड आणि काळेसावळे असतील, असे त्याला वाटते. शेजारी त्याच्या पाच भावंडांच्या चिमुकल्या शिळा ओळीने आहेत. हा सगळा मजकूर लांबलांब वाक्यांत आहे आणि पहिल्या वाचनात तो अर्धाच कळेल. कळू द्यावा. तेवढ्यात थडग्यांमधून पायात बेडी असलेला एक माणूस उठतो, पोराला उलटा धरून त्याचे खिसे रिकामे करतो आणि उद्या सकाळी खायला काहीतरी व एक कानस आणून दे, नाहीतर काळीज काढीन, असा दम भरतो. इथून वाक्ये आखूड होतात आणि वाचणारा आपोआप धावू लागतो. या कैद्याचे बोलणेही उच्चाराप्रमाणे लिहिलेले आहे, त्यामुळे त्यातले काही शब्द शब्दकोशात मिळणार नाहीत. ती वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. डोळ्यांना अनोळखी वाटलेला शब्द बहुतेक वेळा कानाला ओळखीचा निघतो.

आता शब्दकोशाविषयी. प्रकरण संपेपर्यंत तो उघडूच नये, अशी शिस्त लावून घ्यावी. वाचताना अडलेल्या शब्दाला खूण करावी. वाचनाच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट दाबून धरले की ही सोय मिळते. प्रकरण झाल्यावर खुणा पाहिल्या तर निम्म्याहून अधिक शब्दांचा अर्थ पुढच्या मजकुरातून उलगडलेला असतो, आणि उरलेल्यांपैकी जे पुन्हा पुन्हा आले तेवढेच पाहणे पुरते. बग्ग्यांचे प्रकार, टोप्यांचे प्रकार, शेगडीची अवजारे यांच्या नावांपायी वेळ दवडू नये. खरा धोका अनोळखी शब्दांपासून नसतो, ओळखीच्या शब्दांपासून असतो. ‘वाँट’ हा शब्द त्या काळी ‘उणीव’ या अर्थाने सर्रास येतो आणि ‘सेन्सिबल’ म्हणजे पुष्कळदा ‘जाणीव असलेला’. ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये बग्गीतून परतताना श्री. एल्टन नायिकेला ‘मेक लव्ह’ करू लागतात, तेव्हा आजचा अर्थ मनात ठेवणारा वाचक दचकतो. तिथे ते बिचारे केवळ प्रेमाची आर्जवे करत असतात. ओळखीच्या शब्दांचे वाक्य असूनही अर्थ विचित्र लागत असेल तर जुना शब्दकोश पाहावा. वेब्स्टरचा १९१३ चा मोठा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि असे जुने अर्थ त्यात चांगले दिलेले आहेत. नाण्यांचा हिशेब तुम्हाला सांगायला नको, तरी एकदाच नोंदवून ठेवते : बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड आणि एकवीस शिलिंगांची एक गिनी. आणे-पैचे व्यवहार केलेले कोणी घरात असेल तर त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही.

पुस्तक कुठून घ्यावे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. ‘फ्री डाउनलोड’ म्हणून ओरडणारी, मध्येच कार्डाचा क्रमांक किंवा एखादे अ‍ॅप मागणारी संकेतस्थळे पूर्णपणे टाळावीत. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेला ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा या क्षेत्रातला सर्वांत जुना उपक्रम असून तिथे सत्तर हजारांहून अधिक पुस्तके विनामूल्य आहेत, नोंदणीसुद्धा करावी लागत नाही. तिथला ईपब प्रकारातील मजकूर घ्यावा. चित्रांशिवायची कादंबरी बहुधा एक एमबीच्या आत बसते आणि एकदा घेतली की नेट बंद ठेवून वाचता येते. ब्राउझरमध्ये वाचू नये. वाचनाच्या अ‍ॅपमध्ये, अक्षर मोठे करून, शक्य तर विमान मोडवर वाचावे. व्हॉट्सअ‍ॅपचा एक टिंग वाजला की डिकन्सचे अर्ध्या पानाचे वाक्य हातचे जाते. ‘स्टँडर्ड ईबुक्स’ हा दुसरा उपक्रम बहुतेक वेळा गुटेनबर्गचाच मजकूर घेऊन तो पुन्हा तपासतो आणि नीटनेटका मांडतो. तुम्हाला हवे ते पुस्तक तिथे असेल तर तिथलेच घ्यावे, कारण लहान पडद्यावर चांगल्या मांडणीने डोळे कमी शिणतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या छापील पुस्तकांची पानेच्या पाने स्कॅन करून ठेवलेली आहेत. संगणकावर मूळ चित्रांसह पाहायला ती फार छान, मात्र त्या स्कॅनवरून यंत्राने आपोआप तयार केलेली ईपब प्रत वाचायला घेऊ नये. यंत्राला ‘मॉडर्न’मधली आर आणि एन ही दोन अक्षरे एम दिसतात आणि वाक्यात भलताच ‘मोडेम’ येऊन बसतो. नवख्या वाचकाला चूक यंत्राची आहे हे कळत नाही, तो स्वतःलाच दोष देत बसतो.

आवृत्तीही पाहावी. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची वेगळी आणि तिनेच सुधारलेली १८३१ ची वेगळी. पहिलीत एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण आहे, दुसरीत ती सांभाळलेली पोरकी मुलगी आहे, आणि दोन्ही आवृत्त्या इंटरनेटवर सहज मिळतात. दोघी मैत्रिणींनी दोन आवृत्त्या वाचल्या तर वाद अटळ. ‘अ‍ॅब्रिज्ड’ किंवा ‘रिटोल्ड’ असे लिहिलेल्या प्रती तुमच्या विद्यार्थ्यांसाठी ठीक आहेत, तुमच्यासाठी नाहीत. आणि पुस्तकाच्या आरंभी कोणा विद्वानाची प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचावी, कारण कथा कशी संपते हे वाचकाला ठाऊकच आहे असे गृहीत धरून ही मंडळी लिहितात. क्षणात मिळणाऱ्या सारांशांचेही तेच. पिपचा गुप्त उपकारकर्ता कोण, हे आधी कळले तर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा कणाच मोडतो.

लिब्रिवॉक्स या २००५ पासून चालू असलेल्या उपक्रमात जगभरच्या स्वयंसेवकांनी अशी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित केली आहेत आणि तीही विनामूल्य आहेत. दर्जा मात्र वाचणाऱ्यागणिक बदलतो, काही वेळा प्रत्येक प्रकरणाचा आवाजही वेगळा असतो. म्हणून एकाच व्यक्तीने संपूर्ण वाचलेली प्रत शोधावी. डिकन्स स्वतः सभागृहे भरून आपल्या कथांचे जाहीर वाचन करत असे, त्यामुळे त्याचे लेखन ऐकायला मुळातच चांगले लागते. वाचून झालेले प्रकरण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना किंवा एसटीत ऐकले तर लांब वाक्यांची लय कानात बसते. न वाचलेले प्रकरण आधी ऐकू नये, एवढेच पथ्य.

तुमच्या यजमानांचे निम्मे मी मान्य करते. अनुवादात कमीपणा काहीच नाही. शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ मराठी प्रेक्षकांनी देवलांच्या ‘झुंझारराव’मधून आपलासा केला आणि ‘हॅम्लेट’ला आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. प्रामाणिक आणि संपूर्ण मराठी अनुवाद हाताशी असेल तर इंग्रजी प्रकरण झाल्यावर तेच प्रकरण त्यात पाहावे. आपल्याला कुठे चकवा लागला ते लगेच दिसते. क्रम उलटा केला तर मात्र इंग्रजीकडे परत यायला मन राजी होत नाही. सिनेमाचे म्हणाल, तर विल्यम वायलर यांनी १९३९ मध्ये काढलेल्या गाजलेल्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये दुसऱ्या पिढीची सगळी कथा, म्हणजे कादंबरीचा जवळजवळ अर्धा भाग, गाळलेला आहे. तो पाहून कादंबरी कळली असे यजमान म्हणाले तर धाकट्या कॅथरिनचे पुढे काय झाले एवढेच त्यांना विचारावे.

राहिला कायदा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. डिकन्स, ऑस्टिन, ब्राँटे भगिनी आणि १९३० मध्ये वारलेला कॉनन डॉइल यांच्याबाबत प्रश्नच उरत नाही, तुम्ही निश्चिंत असावे. विसाव्या शतकातील लेखकांबाबत थोडे पाहून घ्यावे, कारण अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जाते. जॉर्ज ऑर्वेल १९५० मध्ये वारला, त्यामुळे त्याचे ‘नाइन्टीन एटी-फोर’ आपल्याकडे २०११ पासून मुक्त आहे, पण अमेरिकेत नाही. पी. जी. वुडहाउस १९७५ मध्ये वारला. त्याची सुरुवातीची पुस्तके अमेरिकेत मुक्त असल्याने गुटेनबर्गवर दिसतात, परंतु आपल्याकडे त्यांवरचा हक्क २०३५ च्या अखेरपर्यंत आहे. अमेरिकेबाहेरच्या वाचकांनी आपापल्या देशाचा कायदा पाहावा, असे गुटेनबर्ग स्वतःच सांगते. आधुनिक संपादकाने लिहिलेल्या टीपा आणि नवे अनुवाद यांवर त्या त्या लेखकाचा वेगळा हक्क असतो, तेव्हा तशा पुस्तकांची फिरती पीडीएफ घेऊ नये, विकत घ्यावीत.

आणि फुकट घेतल्याची रुखरुख तरीही राहत असेल, तर तिच्यावर एक उपाय आहे. गुटेनबर्गची पुष्कळ पुस्तके २००० मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स’ या उपक्रमातील स्वयंसेवक तपासतात. पडद्यावर छापील पानाचे चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी शेजारी असतो, आणि आपण तो अक्षरशः जुळवून पाहायचा. उत्तरपत्रिका तपासण्याची सवय असलेल्या माणसाला हे काम फार लवकर जमते. दिवसाला एक पान केले तरी चालते. तेवढाही वेळ नसेल, तर वाचताना छपाईची चूक सापडल्यास पुस्तकाचा गुटेनबर्ग क्रमांक आणि ती ओळ जशीच्या तशी लिहून त्यांना ईमेलने कळवावी. आलेल्या दुरुस्त्या पडताळून ते मजकुरात बदल करतात.